डोक्यावरची पाटी

आमच्या कुत्र्याचं नाव बहाद्दर. नाव माझ्या लेकीनं, संपदानं ठेवलेलं. हा पुढे मांजरालाही वाट सोडणार, हे तिला बिचारीला काय माहीत! ती लग्न होऊन बडोद्याला गेली आणि तिचा कुत्रा माझ्याकडे राहिला. हे ऑफिसला गेले की दिवसभर बोलायला मला तोच होता.

चौऱ्याण्णव साली आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला आलो. इथे फाटकासमोर वाळूचा ढीग आणि ढिगावर पाच कुत्री. ती नुसती उठून उभी राहिली तरी बहाद्दर माझ्या साडीत शिरायचा. मग मी दोरी आवळायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर त्याला चक्क कडेवर घेऊन परत फिरायची. बाहेर राहिलेलं काम तो जिन्यात उरकायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई यांची चिठ्ठी आली : महिनाअखेरपर्यंत कुत्र्याची दुसरीकडे सोय करा. असा संताप आला! पण जिना खरंच घाण होत होता, भांडणार कशाच्या जोरावर? त्या दुपारी मी बहाद्दरला जवळ घेऊन रडले.

जवळच्या मुर्धा गावची पार्वतीबाई दारावर भाजी घेऊन यायची. तिनं माझी फाटकातली कसरत पाहिली होती.

"अगं, त्याला कशाला वढतेस? तुजा हात घाबरतंय, म्हणून त्यो घाबरतंय."

"मी? मी कशाला घाबरू?" मी फणकारले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला मुर्ध्याच्या बांधावर बोलावलं, दोरी माझ्या कमरेला बांधली आणि भाजीची भरली पाटी माझ्या डोक्यावर ठेवली. "दोनी हातांनी धर. आता चल."

आता ओढणार कशानं? मान खाली घालावी तर भेंडी मातीत! नाकासमोर बघत, रमतगमत चालण्याशिवाय इलाजच नव्हता. लांबवर एखादं कुत्रं दिसलं की पार्वतीबाई बहाद्दरला सुक्या बोंबलाचा तुकडा द्यायची आणि आम्ही तिथूनच वळायचो. रोज थोडं जवळ. तिसऱ्या आठवड्यात समोरून कुत्रं आलं की तो आधी बोंबलासाठी वर बघायला लागला. मला इतका अभिमान वाटला, की संपदाला तीन पानी पत्र लिहिलं.

पण फाटकातून मी त्याला अजून कडेवरच नेत होते; तिथे पाटी कुठून आणू?

एकोणतीस तारखेला सकाळी मी दोरी कमरेला बांधून खाली उतरले. वाळूवरची पाचही उठली. त्यातलं पिवळं सरळ आमच्याकडे आलं. माझा हात दोरीकडे गेलाच होता. तो मी मागे घेतला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले, पाटी धरल्यासारखे. नजर समोर. पिवळ्यानं बहाद्दरला हुंगलं. बहाद्दरनं पिवळ्याला हुंगलं. मग बहाद्दरनं शांतपणे दिव्याच्या खांबाशी जाऊन पाय वर केला.

गुणवंतभाई दुधाची पिशवी घेऊन येत होते. मला तशी उभी पाहून थबकले.

"हंसाबेन, क्या हुआ? सिर दुखता है?"

"नहीं गुणवंतभाई," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात अजून डोक्यावरच होते. "इसने बाहर किया."