नवी कडी

व्यसनमुक्ती केंद्रातून सुतार पहिल्यांदाच रजेवर घरी आला, तेव्हा बायकोने मोठ्या हौसेने त्याला बाथरूमची नवी कडी दाखवली. "आता खुशाल आतून लावा. माझा विश्वास आहे तुमच्यावर," ती म्हणाली.

केंद्रात बाथरूमला कडी नसते. आत गेलेल्याने मधूनमधून "आहे" म्हणून ओरडायचं आणि बाहेरच्याने "ऐकतोय" म्हणायचं, अशी तिथली रीत. सुरुवातीला त्याला हसू यायचं. एवढे बाप्ये, आणि लपाछपी खेळतायत!

आता कडी सरकली आणि घर दाराबाहेर राहिलं. समोर फ्लशची टाकी होती. त्याच टाकीच्या पाण्यात तो बाटली लपवायचा.

"आहे!" तो ओरडला.

बाहेर भांडी वाजत राहिली. ओ द्यायची असते, हे घरात कुणाला ठाऊक?

"आहे!" तो पुन्हा ओरडला.

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. "माझा स्क्रूड्रायव्हर आण. ही कडी आत्ताच्या आत्ता काढतो."

"अहो, वेड लागलंय का? कालच तर बसवून घेतली," बायको हसत हसत आली आणि जागीच थबकली. त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत निथळत होती.

"ती बाटली मी कधीच फेकून दिली," ती हळूच म्हणाली.

"हो गं, नव्हतीच तिथे," सुतार म्हणाला. "पण मी शोधली."