हात आधी आले

मी दगड. बोलायची सवय नाही, अडखळलो तर सांभाळून घ्या.

खुलताबादच्या पलीकडे मी युगानुयुगं डोंगरातच होतो. ‘मी’ असं वेगळं काही नव्हतंच. यंत्राच्या तारेनं कापलं तेव्हा मला कडा आल्या आणि ऊन म्हणजे काय ते कळलं. शेजारचे कितीतरी दगड क्रशरवर गेले, त्यांची खडी झाली. माझ्यावर मात्र बिडकीनच्या कडुबांनी तळवा फिरवला. त्यांच्या विहारासाठी बुद्धमूर्ती घडवायची होती. म्हणाले, “ह्योच घ्या. ह्याच्यात भेग नाय.”

क्रेननं मला हर्सूलला रत्नमालाच्या अंगणात, लिंबाखाली उतरवलं. रत्नमाला मूर्तिकार. फायबरच्या मूर्ती तिनं खूप केल्या होत्या. अखंड दगडातली ही पहिलीच. माती चुकली तर पुन्हा लिंपता येते. माझा टवका उडाला की उडाला.

पहिल्या दिवशी तिनं छिन्नी हातात घेतली, टेकवली आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिनं अंगण झाडलं, छिन्न्यांना धार लावली, पुन्हा अंगण झाडलं. एकदा वेरूळच्या लेण्यांतले बुद्ध बघून आली, तर छिन्नीला हातही लावेना. माझ्यासमोर पायरीवर बसून राहायची. मी लाखो वर्षं थांबलो होतो, पण असं थांबणं कधी पाहिलं नव्हतं. माणूस जागचा हलत नाही आणि आतून दमून जातो.

शेवटी तिनं कडुबांना फोन लावला. “काका, जय भीम. माझ्याच्यानं नाही होत. दुसरं कुणीतरी बघा.”

पलीकडून ते म्हणाले, “बरं बाई. रविवारी गाडी घेऊन येतो.”

मला खडीची आठवण झाली.

त्या दुपारी तिची आई, चतुराबाई, भाजीची पिशवी घेऊन सावलीला आली. तरुणपणी रस्त्याच्या कामावर तिनं दगडच फोडले होते. डाव्या हाताचा अंगठा तेव्हाच ठेचून वाकडा झालेला.

“काहून नको म्हणलीस त्यांना?” तिनं विचारलं.

“डोळे मिटले की दुसऱ्यांनी केलेले बुद्ध दिसतात, आई. माझा दिसतच नाही.”

“नसंल दिसत तर नको करू. सरक जरा, टेकू दे मला. लई ऊन हाय.”

माझ्या गार अंगाला पाठ लावून चतुराबाई बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. मांडीवर हात एकावर एक पडले होते, तळवे वर. वाकडा अंगठा दुसऱ्या अंगठ्याला टेकला होता. त्या हातांत आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि काही हवंही नव्हतं.

रत्नमाला पायरीवरून उठली. बघतच राहिली. मग खडूनं तिनं माझ्यावर ते हात काढले. आधी हातच, चेहरा नाही. छिन्नी टेकवली. आई उठेपर्यंत थांबायचंही तिला भान राहिलं नाही.

ठक्क.

काय सांगू तुम्हाला! ज्वालामुखीतून मी आलो, पण एवढ्याशा मनगटातून आलेला तो घाव माझ्या पार तळापर्यंत गेला.

चतुराबाई दचकून जागी झाली. “पाठीत काय वाजलं गं?”

“सुरू झालं, आई.”

म्हातारीनं वळून माझ्या ताज्या खाचेवरून बोट फिरवलं. “लागलं का रे तुला?” असं मला विचारणारी ती पहिलीच.

रविवारी कडुबा टेम्पो घेऊन आले. माझ्यातून बोटं नुकती वर येत होती. त्यांनी चपला काढल्या आणि धुळीतच बसले.

“चेहरा?” त्यांनी हळूच विचारलं.

“अजून दिसला नाही, काका.”

“दिसंल. घाई नाय.” टेम्पो रिकामाच परत गेला.

आता हात पूर्ण झालेत, मांडीही उमटतेय. चेहरा अजून माझ्या आत आहे. कसा आहे ते मलाही ठाऊक नाही. रोज सकाळी रत्नमाला येते आणि आम्ही दोघं मिळून तो शोधतो. एकदा तो सापडला, की मी दगड म्हणून बोलणार नाही. म्हणून आजच निरोप घेतो. बिडकीनला आलात तर चेहऱ्याला वंदन कराच, पण त्याआधी जरा हातांकडे बघा. डावा अंगठा वाकडा आहे. ती चूक समजू नका.