थर्लबीसाहेबांचा तीळ

"काका, उतरली! पहिली छाप उतरली!" टॅम्सिन ओरडली. तिच्या नाकावरसुद्धा शाई होती.

टॅम्सिन माझी पुतणी. लंडनमधल्या माझ्या कारखान्यात ती तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायला शिकत होती. तत्त्वज्ञ अँब्रोज थर्लबीसाहेबांच्या नव्या पुस्तकासाठी त्यांचा चेहरा तिनं तैलचित्रावरून एकटीनं कोरला होता. तो त्यांना पसंत पडला, तर चित्राखाली माझं नाही, तिचं नाव जाणार होतं. साहेब आता कुठल्याही क्षणी येणार होते.

ओला कागद मी खिडकीशी धरला. केसांच्या बटा, पांढरी कॉलर, मिश्कील डोळे. माणूस आता बोलेल असं वाटत होतं. मग मी भिंतीवरच्या तैलचित्राकडे बोट केलं.

"तीळ कुठल्या गालावर आहे, बाळ?"

"डाव्या." तिनं छाप पाहिली. तीळ उजव्या गालावर होता. "अरे देवा!"

छापताना सगळं उलटतं. म्हणून आम्ही चित्रासमोर आरसा ठेवतो आणि आरशातलं पाहून कोरतो. खालचं साहेबांचं नाव तिनं आठवणीनं उलटं कोरलं होतं. चेहरा मात्र थेट चित्राकडे बघत.

"आरसा?"

"चित्र बघण्यात इतकी रंगले, की राहूनच गेला."

तेवढ्यात साहेब थोरल्या बहिणीला, डॉर्कसबाईंना, घेऊन आत आले. त्यांनी छाप उचलली आणि उडीच मारली.

"डॉर्कस, अगं हा मी! अगदी मी! त्या तैलचित्रातला माणूस मला कधी ओळखीचाच वाटला नाही."

"काहीतरीच! नाक भलतीकडे वाकलंय. हा तुझा एखादा चुलतभाऊ असेल."

टॅम्सिननं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, बाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी चुकले. चेहरा उलटा उतरलाय." आणि तिनं आरसा आणून त्यांच्यासमोर धरला.

साहेबांनी आरशात पाहिलं, छापेत पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं.

"म्हणजे जन्मभर मी ज्याला बघतोय, त्याला दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नाही? आणि तुम्ही ज्याला बघता, तो मला कधी दिसलाच नाही? डॉर्कस, यावर एक प्रकरण लिहायला हवं!"

"आधी कुठलं चित्र छापायचं ते सांग. पुस्तक लोक वाचणार, का तू एकटाच?"

"दोन्ही! समोरासमोरच्या पानांवर. एक मला दिसणारा मी, एक तुम्हाला दिसणारा. पोरी, दुसरा पत्रा कधी घेतेस?"

"आत्ता!" टॅम्सिननं आरसा तैलचित्रासमोर उभा केलासुद्धा.

"थांब," मी म्हणालो. "पहिल्या पत्र्यावर तुझं नाव राहिलंय."

तिनं कोरणी उचलली. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती ओरडली, "उलटं, काका! माहितीये मला!"