पायाळूची लाथ

माझ्या पाठीत लाथ घालायचा हक्क या जगात एकाच बाईला होता, माझ्या धाकट्या जावेला, म्हाळसाला. ती पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी तिचे पाय बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, हे आमच्या करमाडात लहान लेकरालाही ठाऊक आहे. बुधवारी सकाळी उपाशीपोटी उंबऱ्यात पालथं पडायचं, पायाळूनं डाव्या पायानं तीनदा हलकेच लाथ मारायची आणि मागं न बघता उठून जायचं. उठताना जीव जायचा, पण चार दिवसांत बरं वाटायचं. आता वाटतं, ते तसंही वाटलंच असतं.

मी थोरली जाऊ. घरात माझा शब्द शेवटचा. धाकटीच्या पायाखाली पडताना पहिल्यांदा लाज वाटली होती, मग सवय झाली. साठी ओलांडल्यावर तर वर्षातून पाच-सहा वेळा पडायला लागले. गावभर तिचं कौतुकही मीच सांगायची. आसपासच्या गावांतून बायका यायच्या आणि म्हाळसा पदर खोचून, मान ताठ करून उंबऱ्यात उभी राहायची.

पायाळू असण्याचा तोटाही होता. वीज म्हणे पायाळूलाच आधी शोधते. त्यामुळं आभाळ गडगडलं की सासूबाई तिला घरात बसवायच्या आणि मला मेंढरांकडं पिटाळायच्या. कोकरं गारठून मरू नयेत म्हणून एक खांद्यावर, दोन काखेत घेऊन मी चिखलातून धावायची. अशी पंचवीस वर्षं गेली. घरी आले की म्हाळसा कोरडं लुगडं आणि चहा पुढं करायची, आणि कीव मलाच तिची यायची.

यंदा दिवाळीनंतर उसण भरली ती जाईचना. तीन बुधवार लाथा खाल्ल्या. मग डावा पाय बधिर झाला, चप्पल निसटून मागं राहिली तरी कळेना. माझा मुलगा अजिनाथ शेंद्र्याला कंपनीत आहे. त्यानं सुट्टी काढली आणि मला संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेलीय. व्यायामानं दुखणं ताब्यात राहील, पण पाय पहिल्यासारखा होईल असं नाही. वर्षभर आधी आला असतात तर झाला असता.

वर्षभर आधी मी उंबऱ्यात पालथी पडले होते.

तिथून आम्हाला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. अजिनाथ कागद करायला खिडकीवर थांबला आणि मी पाय ओढत आत गेले. सतरंजीवर उताणी पडून, गुडघे वर घेऊन एक बाई कंबर उचलत होती. ती म्हाळसा होती. मंगळवारी ती लेकीकडं चितेगावला जाते, असं गेलं दीड वर्ष घरात सगळे समजत होतो.

मला बघून तिची कंबर तशीच वर राहिली. मग तिनं ती हळूच खाली ठेवली.

"या म्हाळसाबाई बघा," व्यायाम घेणाऱ्या योगिनी मॅडम मला म्हणाल्या. "आल्या तेव्हा खाली बसता येत नव्हतं. दीड वर्षात एक मंगळवार चुकवला नाही."

मॅडम दुसऱ्या पेशंटकडं वळल्या आणि मी तिच्याशेजारी टेकले. खरं सांगते, पहिल्यांदा मी तिचीच बाजू घेतली. पायाळूला स्वतःच्या पाठीत लाथ कशी घालता येणार? तसं मी तिला म्हणालेही. तिनं नुसती मान हलवली असती तरी मी गप्प बसले असते. पण ती रडायला लागली.

"आक्का, मी पायाळू नाय."

"मग कोण हाय?"

"आमची मधली बहीण, सुकेशनी. लग्नाच्या पहिल्या साली माझ्यासमोर वीज पडून दोन मेंढ्या मेल्या. पाऊल भाईर टाकवंना. सासूबाई ऐकंनात, मग म्हनले, मी पायाळू हाय. इजेची लई भीती वाटायची, आक्का."

"मला नव्हती वाटत का?"

मला वाटायची. दर कडकडाटाला मी कोकराच्या अंगात तोंड खुपसून खंडोबाचं नाव घ्यायची. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण दोघींपैकी एक पायाळू होती आणि दुसरीला जावंच लागणार होतं.

"ते जाऊ दे," मी म्हटलं. "तवा तू पोर होतीस. पर दीड वर्ष तू मंगळवारी इथं शिकलीस आन् बुधवारी माझ्या पाठीत लाथा घातल्यास. एकदा कानात सांगायचं होतंस."

"गावात तोंड कसं दावलं असतं? इतक्या बाया येत्यात. तुमीच पयल्यांदा हसला असता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच तळपायाची, दुसऱ्याला आता काही कळत नाही. ही बाई माझ्या ताटात जेवली, तिची तिन्ही बाळंतपणं मी काढली. आणि माझ्या पायापेक्षा तिला उंबऱ्यातला मान मोठा वाटला.

योगिनी मॅडम माझा कागद घेऊन आल्या. "अरे वा, दोघी करमाडच्या, आडनावही एकच. नात्यातल्या आहात का? मग मंगळवारी एकत्रच या. घरीही एकमेकींचा व्यायाम करून घेता येईल."

म्हाळसा डोळे पुसून माझ्याकडं बघत होती.

"नाय," मी म्हटलं. "नात्यातल्या नाय. मला दुसरा वार द्या."