आईचं चौथं मरण

माझा भाऊ निवृत्ती अमेरिकेत कादंबऱ्या लिहितो, सिनेमे लिहितो. वडनेर भोलजीतून शिकायला गेला तो तिकडचाच झाला. त्याच्या तीन कादंबऱ्या निघाल्या आणि तिन्हींत आई मेली. एकदा साप चावून, एकदा विहिरीत पडून, एकदा नुसतीच झोपेत. दुसरीवर सिनेमा निघाला तेव्हा पेपरात फोटोही आला. तिकडचे लोक म्हणे त्याचं सांत्वन करायचे. इकडे आई जिवंत, आणि आता तिचं हगणं-मुतणं काढायला मी.

आईला मात्र या मरणांचं भारी कौतुक. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. कुणी मेल्याची खोटी बातमी आली की लोक हसून म्हणतात, आता हा काही लवकर जात नाही. तिन्ही वेळा आई आळीभर सांगत फिरली, की पोरगं तिकडे बसून मला जगवतंय.

आता ती दोन वर्षं खाटेवर आहे. निवृत्ती यंदा आला तोही थकूनच. नवं पुस्तक कुणी घेईना, सिनेमावाले एकच सीन पुन्हा पुन्हा लिहून घेत. हातात एक काम उरलं होतं आणि त्यातही आई मरणार होती. तिला बरं वाटेल म्हणून त्यानं ते तिला सांगितलं.

आईनं त्याचा हात धरला. मग म्हणाली, "आता मले मारू नको बाप्पा. लय जगवलं तू मले. आता जाऊ दे."

मी दाराशी उभी होते. हेच माझ्याही मनात कितीदा येऊन गेलं होतं. पाठ मोडली आहे माझी.

निवृत्ती दोन दिवस मधल्या खोलीत लिहीत बसला. मग आईजवळ येऊन त्यानं गोष्ट वाचून दाखवली, इंग्रजीची मराठी करत. म्हातारी आजारातून उठते, अंगण सारवते, नातवाला भाकर करून घालते. आईनं डोळे मिटून ऐकलं. "हाव, असंच राहू दे," म्हणाली आणि शांत झोपी गेली.

बाहेर ओट्यावर त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "राखे, तिकडे इंग्रजीत ती मरते. पहिल्याच सीनमध्ये. तिले जाऊ देणं माह्याच्यानं नाही झालं. राहू दे ना अजून काही दिवस."

हा उद्या विमानात बसणार, आईला उचलायचं मला. राग यायला हवा होता, तोही आला. पण त्याच्या आधी माझा जीव भांड्यात पडला.