पाचवी विहीर

यदुल्लांनी बूट काढले, मोजे खिशात कोंबले आणि ते गल्लीत अनवाणी उभे राहिले.

"उस्ताद, डांबर तापलंय," पालिकेची इंजिनियर परस्तू म्हणाली. "पाय भाजतील."

"डोळ्यांनी कळलं असतं तर मला कशाला बोलावलं असतंस, पोरी?"

ती हसली. तिने नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. तेहरानच्या या दक्षिण टोकाला उद्यापासून बावीस मजली इमारतीचा पाया खणायचा होता. खालून जुना भुयारी पाट गेलेला, त्यात उतरायच्या पाच विहिरी. नकाशात पाचही विहिरींपुढे एकच शब्द होता : बुजवली. त्याखाली यदुल्लांचा चाळीस वर्षांपूर्वीचा अंगठा.

"एक जरी पोकळ निघाली तर शेजारी खणणं बंद, आणि तिच्यावरची इमारत आजच रिकामी. पण तुम्हीच बुजवल्यात म्हणजे प्रश्न नाही. सही केलीत की मी सुटले."

यदुल्ला टाच आपटत चालले. चार ठिकाणी जमीन मुकी होती. पाचवी जागा कोपऱ्यावरच्या पाच मजली इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत. पहिल्या मजल्यावरून त्यांची लेक इफ्फत ओरडली, "बाबा, अनवाणी? लोक म्हणतील, लेक बूटसुद्धा घेऊन देत नाही!"

"चहा टाक," ते म्हणाले.

नवरा गेल्यावर इफ्फतने बांगड्या विकून हे घर घेतलं होतं.

चार विहिरी तेव्हा कोरड्या होत्या. पाचवीत पाणी वाहत होतं. वाहत्या पाण्यावर माती लोटायची नाही, असं बापाने शिकवलेलं. यदुल्लांनी तिच्या तोंडावर दगडी फरशा बसवल्या, वर हातभर माती पसरली आणि संध्याकाळी अंगठा दिला होता.

त्यांनी खांबांच्या मधोमध टाच आपटली. मग पुन्हा एकदा, हळू.

परस्तू फोनवर बोलत आत आली. "झालं ना? इथं. अंगठाही चालेल."

"लिहिता येतं मला आता."

त्यांनी पाचव्या ओळीतला शब्द खोडला. वर एकेक अक्षर जोडत लिहिलं : उघडी. खाली नाव घातलं.

परस्तूने वाचलं. फोन खाली घेतला. जिन्याकडे पाहिलं.

"उस्ताद, वर तुमची..."

"हो."

इफ्फत तबक घेऊन उतरली. तीन पेले, वाटीत साखरेचे खडे. "बाईसाहेब, तुम्हीही घ्या. आमच्या बाबांना सही करायला अर्धा दिवस लागतो."

ती नेमकी मधोमध उभी होती. यदुल्लांनी तिचं कोपर धरून तिला खांबापाशी नेलं. खडा दाताखाली धरून एक घोट घेतला.

"चहाचा समोवार पेटलेलाय?"

"आहे की. आणखी हवाय?"

"विझव आणि खाली घेऊन ये," ते बूट चढवत म्हणाले. "बाकीचं मी आणतो."