करुणाचा दुसरा व्हिडिओ

सौंसरजवळच्या निंबटोल्यात करुणा ब्लाउज शिवायची आणि दोन वर्षांपासून मोबाइलवर व्हिडिओही टाकायची. सुरुवातीला बाह्यांची कापणी, गळ्याचे नमुने, असलंच काही. मग एकदा तिनं वस्तीतल्या तुंबलेल्या नालीचा व्हिडिओ टाकला. पाच वर्षं पंचायतीला न दिसलेली नाली चौथ्या दिवशी साफ झाली. तेव्हापासून बाया माप द्यायला कमी आणि गाऱ्हाणी सांगायला जास्त येऊ लागल्या. "करुणा, आमच्या खांबाचा लाइट टाक ना वं." ती टाकायची. आपण दारात उभं राहून बोलतो आणि मोहगाव-पांढुर्ण्यापर्यंतचे लोक ऐकतात, याचं तिला फार अप्रूप होतं.

एप्रिलात नऊ दिवस नळ आले नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी नळ सोडणारे हिरामणकाका सायकलवरून चालले होते. त्याच वस्तीतले, साठीला टेकलेले, पंचायतीत रोजंदारीवर. करुणा मोबाइल धरून आडवी आली. मागं बाया पाण्याचे रिकामे गुंड-घागरी घेऊन उभ्या.

"काका, नऊ दिवस झाले. पानी काहून नाही सोडून राहिले?"

"मोटर..." हिरामण म्हणाले.

"मोटरचं नका सांगू! पानी काय तुमच्या बापाचं हाय?"

बाया फिसकन हसल्या. हिरामणांनी पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, आणि सायकलवर टांग मारली. चेन उतरली. ते खाली वाकून चेन बसवत राहिले, आणि करुणाचा मोबाइल चालूच होता.

तो व्हिडिओ दोन दिवसांत कुठच्या कुठं गेला. कुणीतरी त्याला डफड्याचा ताल जोडला. उतरलेली चेन आणि 'बापाचं हाय' एवढंच पुन्हा पुन्हा. निंबटोला नकाशावर कुठं आहे हे ठाऊक नसलेले लोक हिरामणांना शिव्या घालू लागले. तिसऱ्या दिवशी सचिव भूपेंद्रनं त्यांना कामावरून कमी केलं आणि 'पंचायतीनं दखल घेतली' असं लिहून स्वतःचा फोटो टाकला. वस्तीनं करुणाचं कौतुक केलं. नळ मात्र कोरडेच राहिले.

आठवड्यानं हिरामणांची बायको पंचफुला आली. बसली नाही. हातातल्या पिशवीतून चार कागद काढून तिनं मशीनवर ठेवले.

"वाच. तुले तं वाचता येते."

हिरामणांच्या सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरातले ते अर्ज होते. मोटर आवाज करते, तपासावी. मोटर गरम होते, कधीही जळेल. मोटर जळाली. मोटर जळाली, लोक त्रासात आहेत. पहिला अर्ज फेब्रुवारीतला. प्रत्येकावर 'मिळाला' म्हणून सचिवाची सही.

"मले काय माहीत होतं काकू," करुणा कशीबशी म्हणाली.

"इचारलं असतं तं सांगितलं असतं. त्यायनं तोंड उघडलं होतं." पंचफुलाचा आवाज चढला नाही. "सावरगावले नातीचं बारसं होतं. लेकीच्या सासरचे पोट्टे त्यायले पाहून तेच गाणं म्हनाले. ताटावरून उठले ते. आता घराबाहेर नाही निघून राहिले."

संध्याकाळी करुणा त्यांच्या घरी गेली. दार उघडं होतं, पण हिरामण भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. ती ओट्यावर थोडा वेळ बसली आणि उठून आली. घरी येऊन तिनं तो व्हिडिओ पुसला. पण तिचा पुसून काय होतं? दुसऱ्यांनी उचललेले शेकड्यांनी फिरत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं चारही अर्ज एकेक करून मोबाइलसमोर धरले. 'माझी चूक झाली, काकांची काही चूक नव्हती,' असं सांगितलं. पहिला व्हिडिओ लाखावर लोकांनी पाहिला होता, हा दोनतीनशेंनी. खाली एकानं लिहिलं, 'पहिलेवाला टाका, त्यात मजा होती.'

त्या दोनतीनशेंत भूपेंद्र होता. त्यानं करुणाला फोन केला नाही, तिच्या नवऱ्याला केला. स्वप्निल सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगात कामाला होता.

"सरकारी घरासाठी आवासच्या यादीत नाव हाय ना तुमचं?" भूपेंद्र गोड आवाजात म्हणाला. "वहिनीले म्हना, तो व्हिडिओ काढून टाका."

स्वप्निल जेवताना म्हणाला, "काढून टाक. तुयी माफी मागून झाली. आता कायले वाढवतं?"

"पहिल्या वेळेस कोनाचाच फोन नाही आला," करुणा म्हणाली. "एका म्हाताऱ्याची इज्जत गेली, तरी नाही आला. त्यायच्या हातात यादी नव्हती म्हनून."

"घर पाह्यजे का नाही तुले?"

तिला घर हवं होतं. गळक्या टिनाखाली दोन लेकरं झोपत होती. तरी तिनं व्हिडिओ काढला नाही.

चौथ्या दिवशी तो आपोआप गायब झाला. इंग्रजीत निरोप आला. स्वप्निलनं अक्षरं लावून लावून वाचला: बऱ्याच लोकांनी तक्रार केली, हा मजकूर नियमात बसत नाही. तिनं पुन्हा टाकला. तो गेला, आणि महिनाभरासाठी तिचं खातंही बंद झालं. कुणाशी भांडायचं? ना टेबल, ना खुर्ची, ना माणूस. डफड्यावर नाचणारा हिरामण मात्र कुठल्याच नियमात अडकला नाही.

मग ती कलेक्टरच्या नावानं तक्रारीचा कागद घेऊन घरोघर फिरली, सहीसाठी. त्या दिवशी हसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "व्हिडिओत उभी राह्यली असती वं. सही नको." अकरा सह्या झाल्या. मंगळवारी पांढुर्ण्याला कलेक्टर ऑफिसात लोकांची गाऱ्हाणी ऐकायची जनसुनवाई असते. करुणा आणि पंचफुला बसची वाट पाहत होत्या, तेव्हा हिरामण धुतलेला सदरा घालून आले. बसमध्ये ते वेगळ्या बाकावर बसले.

ऑफिसच्या व्हरांड्यात करुणानं त्यांना विचारलं, "काका, आत तुमी बोलान तेव्हा मोबाइलमधी घेऊ का?"

महिनाभरात ते पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलले. "नको."

तिनं मोबाइल पिशवीत टाकला. आत कलेक्टर साहेब हिंदी बोलणारे, म्हणून हिरामण मोडक्यातोडक्या हिंदीत बोलले. मोटरचा आवाज कधीपासून बदलला, कुठल्या तारखेला कुणाला सांगितलं, सगळं. कुणी मध्ये तोडलं नाही. साहेबांनी अर्जांच्या नकला ठेवून घेतल्या.

आठ दिवसांनी नवी मोटर बसली. भूपेंद्रला नोटीस गेली म्हणतात, पण तो त्याच खुर्चीत आहे. आवासच्या नव्या यादीत करुणाचं नाव नव्हतं. स्वप्निल दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी छपरावर चढून त्यानं ताडपत्री बांधली. पंचायतीनं हिरामणांना परत बोलावलं, तर त्यांनी नाही म्हटलं. आता ते मोहगावकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात झाडांना पाणी देतात. सावरगावला अजून गेलेले नाहीत.

करुणाचं खातं सुरू झालं आहे. खांबाचा लाइट पुन्हा गेला म्हणून बाया मागं लागल्या आहेत. तिनं अजून काही टाकलेलं नाही.

सकाळी हिरामण कामावर निघतात तेव्हा ती दारातून म्हणते, "जय भीम, काका."

"जय भीम," ते म्हणतात. थांबत नाहीत.